'डेमॅगॉग'ला मराठीत काय म्हणावं?

शेंगदाणा: एका अनुवादात अडकलोय. लेख २०१० सालचा, न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या जागेजवळ बेतलेल्या पार्क ५१ या मुस्लिम केंद्रावरून राजकारण्यांनी जो धुरळा उडवला त्यावर. 'डेमॅगॉग' (लोकांच्या भावना भडकवून आपली पोळी भाजणारा पुढारी) आणि 'डेमॅगॉगरी' मिळून अकरा वेळा आलेत, मोजलेत. 'लोकानुनयी' लिहिलं तर संपादकबाई म्हणाल्या, तो आपण 'पॉप्युलिस्ट'साठी आधीच खर्च केलाय. 'प्रक्षोभक भाषणे करणारा पुढारी' हे पोलिसांच्या नोटिशीतलं वाटतं. 'वाचाळवीर' फारच फुसका. सुचवा काहीतरी.

इडलिंबू: आगलाव्या. संपलं.

तळटीप: आगलाव्या जवळचा आहे, पण तो आग लावून पळतो. डेमॅगॉग पळत नाही, तिथेच माईक घेऊन उभा असतो.

ग्रीकमध्ये 'देमोस' म्हणजे लोक आणि 'आगोगोस' म्हणजे नेणारा. शब्दशः भाषांतर केलं तर लोकनायक! आपण जी पदवी आदरानं देतो, तीच अथेन्समध्ये शिवी होऊन बसली. त्याला क्लेऑनसारखे पुढारी कारण. चामड्याच्या धंद्यातला हा माणूस सभा गाजवायचा, आणि अॅरिस्टोफेनिसनं नाटकांतून त्याची यथेच्छ टर उडवली. यातला 'आग' म्हणजे आपली आग नव्हे हं. त्याचं नातं संस्कृत 'अज्' धातूशी आहे. अजति म्हणजे हाकतो. (गंमत म्हणजे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यातलं 'गॉग'ही त्याच घरातलं. तिथे लोकांना एकत्र आणतात.)

म्हणून 'लोकानुनय' मला पटत नाही. अनुनय म्हणजे मनधरणी, म्हणजे लोक पुढे आणि पुढारी मागे. इथे पुढारी लोकांना हाकतोय.

सावंतवाडीकर: हाकण्यावरून आठवलं. आमच्या आजोबांच्या वेळी रानडुकराच्या पारधीला हाका घालत. वीस-पंचवीस माणसं डबे बडवत, आरोळ्या ठोकत रानाच्या एका अंगानं घुसायची. ते हाकारे. बंदूकवाला मात्र दुसऱ्या टोकाला गप्प बसलेला. विडीसुद्धा ओढायची नाही. डुक्कर आवाजाला भिऊन नेमकं त्याच्यासमोर यायचं. 'रान उठवणे' म्हटलं की मला तरी हेच दिसतं. तुमच्या डेमॅगॉगरीला 'रान उठवणे' का चालू नये?

जर्सीकर: काका, नेमकं बोललात. मी त्या काळात जर्सी सिटीहून पाथ गाडीनं रोज वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरत असे. रान कसं उठलं ते क्रमानं सांगतो.

पार्क प्लेसवरची ती इमारत म्हणजे बर्लिंग्टन कोट फॅक्टरीचं बंद पडलेलं दुकान. ११ सप्टेंबर २००१ ला विमानाच्या चाकांचा सांगाडा छपरातून आत कोसळला होता, तेव्हापासून बंद. तिथून ग्राउंड झिरो, म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टॉवर कोसळले ती जागा, दिसत नाही. मी फुटपाथवर उभा राहून मान लांब करून पाहिलंय, मध्ये इमारती आहेत. त्याच आसपासच्या गल्ल्यांत स्ट्रिप क्लबही होता, त्यावर कुणी सभा घेतली नाही. आणि 'मस्जिद मॅनहॅटन' तर १९७० पासून जवळच आहे. टॉवरांचं उद्घाटन १९७३चं!

डिसेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं या बेताची बातमी पहिल्या पानावर दिली. रान शांत. त्याच महिन्यात फॉक्स वाहिनीवर लॉरा इंग्रॅमनं या बेतामागचे इमाम फैसल रऊफ यांच्या पत्नी डेझी खान यांची मुलाखत घेतली आणि तुमचं काम मला आवडतं, असं सांगितलं. मे २०१० मध्ये स्थानिक कम्युनिटी बोर्डानं २९ विरुद्ध १ मतांनी पाठिंबा दिला. त्याच महिन्यात पामेला गेलरसारख्या ब्लॉगरांनी डबे बडवायला सुरुवात केली. जुलैत सेरा पेलिन आणि न्यूट गिंग्रिच हे रिपब्लिकन पुढारी उतरले. होलोकॉस्ट संग्रहालयाशेजारी नाझींना पाटी लावायचा हक्क नाही, असा गिंग्रिच यांचा ऑगस्टमधला दाखला. नोव्हेंबरात अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक. ती झाली आणि रान पुन्हा चिडीचूप. इमारत होती तिथेच होती.

इडलिंबू: म्हणजे विरोध करणारे झाडून सगळे हाकारे? ज्यांची माणसं त्या दिवशी गेली त्यांनीही विरोध केला होता. त्यांना या शब्दात कोंबू नका.

जर्सीकर: बरोबर, आणि तशीच काही कुटुंबं केंद्राच्या बाजूनंही उभी होती. दुःख त्यांचं खरं. गिंग्रिच कुणाच्या सुतकात होते?

तळटीप: हाक्यात डुक्कर कोण, हाही प्रश्न आहेच. रूपक फार ताणू नये. पळतो मतदार, पण गोळी लागते दुसऱ्यालाच.

कोपरा: मी व्याकरणाचं बोलते. 'ग्राउंड झिरो मॉस्क' या तीन शब्दांवर सगळा खेळ चालला. इंग्रजीत दोन नामं शेजारी बसवली की भागतं. नातं काय, ते ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं भरायचं. मराठीत तसं सुटता येत नाही. ग्राउंड झिरो*वरची* की ग्राउंड झिरो*जवळची*? तोंड उघडताच पुढाऱ्याला ठरवावं लागेल. 'वरची' म्हटलं तर थाप, 'जवळची' म्हटलं तर सभेतली हवाच गेली. हल्ली मथळ्यांत आपणही प्रत्यय गिळायला लागलोय, त्याचा हा तोटा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं १९ ऑगस्ट २०१० ला आपल्या बातमीदारांना हा शब्दप्रयोग टाळण्याची सूचना काढली. दोन चौकांवर, असं लिहा म्हणाले. पण तोवर तीन महिने होऊन गेले होते.

शेंगदाणा, तुमच्या अनुवादात प्रत्यय खाऊ नका. आणि 'मशीद' पण जपून. बेत होता तेरा मजल्यांचा. पोहण्याचा तलाव, बास्केटबॉल, पाचशे खुर्च्यांचं सभागृह, पाककलेचे वर्ग, आणि नमाजाची जागा. आपल्याकडे याला जिमखाना म्हणतात! मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम, हिंदू असे जिमखाने आहेतच की. 'दोन चौक पलीकडचा मुस्लिम जिमखाना' अशी घोषणा देऊन बघा, कोण मुठी वळतंय.

इडलिंबू: नमाजाची जागा तुम्ही शेवटी हळूच ठेवलीत, ते मी पाहिलं.

कोपरा: पाहिलंत ना? मग लपवली नाही.

शेंगदाणा: जिमखाना झकास, पण लेखात आधीचं नाव 'कॉर्डोबा हाउस' आहे, त्यावरही परिच्छेदभर खल आहे. रऊफ यांच्या मते कॉर्डोबा म्हणजे मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू शेजारी नांदत होते ते स्पेनमधलं शहर. गिंग्रिचच्या मते विजयाचा झेंडा. शेवटी नाव काढून पत्ताच ठेवला, पार्क ५१. आणि पेलिनबाईंचं 'रिफ्यूडिएट' कसं करू? शांतताप्रिय मुसलमानांनी हा बेत 'रिफ्यूडिएट' करावा, असं त्यांनी ट्विटरवर लिहिलं होतं.

तळटीप: 'रिफ्यूट' आणि 'रिपुडिएट'ची खिचडी. लोक हसल्यावर त्यांनी ते काढलं, मग शेक्सपिअरही नवे शब्द घडवायचा म्हणाल्या. वर न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशानं त्याला २०१०चा शब्द ठरवलं! खंडन आणि धिक्कार एकत्र करा: खंडिक्कार.

सावंतवाडीकर: हा बरा खपेल.

शेंगदाणा: तर माझं असं ठरतंय. डेमॅगॉगरी = रान उठवणे, आणि जिथे नामच हवं तिथे 'रानउठवेगिरी'. डेमॅगॉग = रानउठव्या. पहिल्यांदा येईल तिथे हाक्याची एक ओळ घालतो. संपादकबाईंना पाठवलंय.

शेंगदाणा: बाईंचं उत्तर आलं. 'रानउठव्या ठेवा. खंडिक्कार काढा. आणि पान तीनवर तुम्हीच "ग्राउंड झिरो मशीद" लिहिलंय, प्रत्यय कुठे गेला?'