कुणाच्या वळणावर गेलाय? (अनुभव धागा)

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने आम्हाला सांगितलं की तो गे आहे. त्या रात्री तो झोपायला गेल्यावर नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "आमच्याकडे असलं कुणी नाही." पुढचं वाक्य तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं. सांगायला लाज वाटते, पण मीही मनातल्या मनात त्याच्याकडचे अविवाहित चुलते मोजायला लागले. पिकलेल्या केसांपासून रक्तदाबापर्यंत जे जे घरात आलं ते कुणाकडून आलं, हा आमच्यातला जुना वाद. त्यात ही एक भर.

(इथली चार वाक्यं मी नंतर काढली आहेत. का, ते खाली लिहिलंय.)

रडारड, अबोला सगळं होऊन गेलं. प्रश्न मात्र राहिला, आणि आता तो कुणाच्या माथी मारायला नकोय, खरंच जाणून घ्यायचंय. तुमच्या नात्यात एकापेक्षा जास्त जण समलैंगिक किंवा बायसेक्शुअल आहेत का? की तुम्ही एकटेच? रक्तातून येतं असं वाटतं का? जसं आठवेल तसं लिहा. नावं-गावं नकोत. "यातून बाहेर कसं काढायचं" असले सल्लेही नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच हे आजारांच्या यादीतून काढलंय. आम्हाला थोडा उशीर झाला, पण आम्हीही काढलं.

जुळ्यातला धाकटा

मी आणि माझा भाऊ एकबीज जुळे. अकरा मिनिटांचं अंतर. आवाज सारखा, चष्म्याचा नंबर सारखा, अक्कलदाढसुद्धा दोघांची एकाच महिन्यात दुखली. मी गे, तो नाही. चौदाव्या वर्षी तो रात्री वर्गातल्या एका मुलीबद्दल बोलत बसायचा आणि मी अंधारात नुसता हुंकार भरायचो. वाटायचं, माझंही होईल सुरू, अकरा मिनिटं उशिरा.

सव्विसाव्या वर्षी त्याला सांगितलं, तर तो माझ्याऐवजी स्वतःच्याच काळजीत पडला. "म्हणजे मी पण?" आठवडाभर गप्प होता. मग येऊन म्हणाला, "नाही रे. खूप विचार केला. नाही जमत."

तेव्हापासून जुळ्यांबद्दल मिळेल ते वाचतो. १९९१ मध्ये अमेरिकेत बेली आणि पिलार्ड यांनी गे पुरुषांच्या जुळ्या भावांची माहिती गोळा केली. एकबीज जुळ्यांच्या ५६ जोड्यांपैकी २९ मध्ये दुसराही गे किंवा बायसेक्शुअल, म्हणजे ५२ टक्के. द्विबीज जुळ्यांत २२, दत्तक भावांत ११. हा ५२ चा आकडा अजून सगळीकडे फिरतो. पण ती माणसं गे वाचकांच्या मासिकांत जाहिराती देऊन मिळवली होती. ज्याचा जुळाही गे आहे तो अशी जाहिरात बघून लगेच कळवणार, माझ्यासारखा कशाला कळवेल? पुढे २००० मध्ये बेलींनीच ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं घेतली, तेव्हा एकबीज पुरुषांत हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. एरवीच्या लोकसंख्येशी तुलना केली तर २० सुद्धा पुष्कळच, तेव्हा रक्तात काही नाही असं म्हणता येत नाही. पण आमच्यासारख्या अर्ध्या जुळलेल्या जोड्याच जास्त.

दोघींपैकी मोठी

आम्ही दोघी बहिणी, दोघीही लेस्बियन. मी आधी सांगितलं. वर्षभर घरात कुणी धड जेवलं नाही. मग धाकटीने सांगितलं. आई म्हणाली, "तू आता हिचं बघून?" धाकटी म्हणाली, "हिचं बघून मी कधी अभ्यास तरी केला का?"

रक्ताचं माहीत नाही. दुसरीच्या वेळी आईचा हात बसला होता एवढं खरं.

शेंडेफळ

मी चौथा मुलगा. वर तीन सख्खे भाऊ. त्यामुळे माझा अनुभव वेगळ्याच कारणाने इथे बसतो. ब्लँचार्ड आणि बोगार्ट या कॅनडातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये मांडलं की प्रत्येक थोरल्या भावामागे धाकटा गे असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने वाढते. थोरल्या बहिणींनी तसा फरक दिसला नाही. २००६ मध्ये बोगार्टनी दाखवलं की हे भाऊ एकाच आईच्या पोटचे असावे लागतात. सावत्र भावांबरोबर वाढून काही होत नाही, आणि सख्खा भाऊ दुसऱ्या घरी वाढला तरी मोजला जातो. म्हणजे संगतीचा मुद्दाच निकालात. २०१८ मध्ये कारणाचाही धागा मिळाला. मुलग्याच्या गर्भातलं, वाय गुणसूत्रावरून तयार होणारं एक प्रथिन आईच्या शरीराला परकं वाटतं आणि ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतं. गे मुलांच्या आयांमध्ये, त्यातही ज्यांना आधी मुलगे झाले होते त्यांच्यात, ती जास्त आढळली.

म्हणजे बघा, जन्माआधीचंच आहे, पण वारशाने आलेलं नाही. या दोन गोष्टी लोक सर्रास एकच धरतात.

हे सगळं मोठ्या दादाला समजावून सांगितलं, तर छाती फुगवून म्हणाला, "म्हणजे तुला आम्ही घडवलं." गणितही सांगितलं: मुळात शक्यता दोन टक्के धरली, तर तीन भावांनंतरही ती पाचाच्या आतच राहते. ते त्याने ऐकलंच नाही. आता दर भांडणात उपकार मोजतो.

थोरला

मी सगळ्यांत मोठा, खाली दोन भाऊ, दोघेही संसारी. माझ्यावर कुणाचे उपकार धरायचे?

आत्याची भाची

माझी आत्या आणि तिची "मैत्रीण" ३१ वर्षं एका घरात राहिल्या. खोलीत दोन पलंग होते. एकावर कायम न इस्त्री केलेल्या कपड्यांचा ढीग. लहानपणी मला वाटायचं मोठ्यांना कपड्यांसाठी वेगळा पलंग लागतो. आत्या गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि माझं मला नुकतंच कळलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांच्या शेजारी बसायचा, बाबांचं सांत्वन करायचा. मैत्रीण त्यांना पाणी देत होती.

पुढे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तू तिच्यावर गेलीस." आमच्याकडे हे वाक्य त्याआधी फक्त माझ्या हट्टीपणाबद्दल वापरलं जायचं. तिला कुणी कधी विचारलं नाही, त्यामुळे पुराव्याला अर्थ नाही. पण मी त्या घरात शनिवार-रविवार राहून वाढले. माझ्या आवडीनिवडी तिच्याकडून आल्या की नाही देव जाणे. असं जगता येतं हे मात्र नक्की तिच्याकडून कळलं.

प्रयोगशाळेतली

जनुकांवर काम करते, पण या विषयावर नाही, तेव्हा माझं बोलणं एका वाचकाचं समजा. "गे जीन" ही कल्पना कुठून पसरली ते सांगते. डीन हेमर यांनी १९९३ मध्ये गे भावांच्या ४० जोड्या तपासल्या. ३३ जोड्यांमध्ये एक्स गुणसूत्राच्या टोकाकडचा एक्सक्यू२८ हा पट्टा सारखा निघाला. पुरुषाला एक्स आईकडूनच मिळतो, आणि त्यांना आईकडच्या नात्यात, मामा आणि मावसभावांमध्ये, गे पुरुष जास्तही दिसले होते. झालं, "आजोळहून येतं" म्हणायला सगळे मोकळे. १९९९ मध्ये कॅनडातल्या चमूने ५२ जोड्या तपासल्या तर काहीच हाती लागलं नाही. २०१५ मध्ये ४०९ जोड्यांच्या अभ्यासात तो पट्टा पुन्हा डोकावला, सोबत आठव्या गुणसूत्रावरचा एक भागही. (इथली एक ओळ काढली.)

सगळ्यांत मोठा अभ्यास २०१९ चा, ४,७७,५२२ माणसांचा. जनुकसंचात पाच जागा ठळकपणे सापडल्या, पण पाचही मिळून माणसामाणसांतल्या फरकाचा एक टक्काही उलगडत नाहीत. सर्वसाधारणपणे आढळणारे सगळे बारीक फरक एकत्र धरले तर ८ ते २५ टक्के. म्हणजे फरक ढीगभर, आणि एकेकाचं वजन रतीभर. यावरून एखाद्या माणसाचं भाकीत करता येत नाही. माझ्या गरोदर वहिनीने "मग चाचणी असेल ना?" असं विचारलं होतं. नाही. आणि असती तर तिला काय करायचं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एक मात्र लक्षात ठेवा. तिथे विचारलं होतं ते समलिंगी संबंध कधी आला का, एवढंच. ओढ विचारून माणसं वेगळी केली नव्हती. आयुष्यभर मन मारून जगलेला माणूस "नाही"च्या रकान्यात गेला.

दत्तक

मी लेस्बियन आणि दत्तक. डॉक्टरांच्या फॉर्मवर "कुटुंबात कुणाला" या रकान्यापुढे मी नेहमी रेघ मारते, इथेही तीच. गंमत म्हणजे वर सगळ्यांच्या घरी रक्तावर खापर फुटलंय. आमच्याकडे रक्त वेगळं, म्हणून आईने थेट स्वतःच्या संस्कारांवर घेतलं. "मी तुला फार मोकळं सोडलं." मोकळं? संध्याकाळी सातच्या आत घरात!

दोन मुलांचा बाप

लग्न झालं, दोन मुलं झाली, मग चाळिशीत घटस्फोट. मी गे आहे. मुलगी सोळाची असताना तिने विचारलं, "बाबा, मलाही होईल?" "होईल" या शब्दाचा राग आला होता. आज दोघंही तिशीच्या पुढे आहेत, दोघंही स्ट्रेट. गे आई-वडिलांची बहुतेक मुलं स्ट्रेटच निघतात, आमच्यासारख्यांचे आई-वडीलही बहुतेक स्ट्रेटच होते. खाण तशी माती म्हणणाऱ्यांनी यातलं कुठलंही एक टोक धरून बघावं.

एकटा

दोन्हीकडच्या चार पिढ्या मोजल्या. कुणी नाही. म्हणजे कुणी सांगितलेलं नाही. माझ्या चुलतभावंडांनी असाच धागा काढला तर तेही "कुणी नाही" लिहितील, कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

धागा काढणारी

काल मुलाने हे सगळं वाचलं. "एकटा" यांच्यापाशी थांबला, मग वर जाऊन माझी सुरुवात वाचली आणि विचारलं, "लिहिण्याआधी त्यांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. नाव दिलं नव्हतं, पण ओळखणाऱ्याने ओळखलं असतं. ते हयात आहेत. सांगण्यासारखं काही आहे की नाही हेही मला माहीत नाही, तरी मी त्यांना नवऱ्यापुढे आणि तुमच्यापुढे पुरावा म्हणून उभं केलं. ती चार वाक्यं काढली आहेत. "प्रयोगशाळेतली", तुमच्या प्रतिसादात त्यांचा उल्लेख आलाय, तेवढी ओळ काढाल का?

प्रयोगशाळेतली

काढली.