सल्ला हवा: आठवीत जाणाऱ्या मुलीचा रसायनशास्त्राचा पाया कसा पक्का करावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा आठवीत गेली, सेमी इंग्रजी, राज्य मंडळ. सातवीत विज्ञानात गुण चांगले पडले म्हणून मी निर्धास्त होते. परवा चहाचं आधण ठेवताना सहज विचारलं, "पाणी उकळतं तेव्हा खालून बुडबुडे येतात, त्यात काय असतं गं?" आधी म्हणाली, हवा. मग जरा विचार करून म्हणाली, "पाणी म्हणजे एच टू ओ, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटत असणार." मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मलाही नीट समजावता आलं नाही.

आठवीत अणू, संयुजा (एक अणू किती बंध जोडू शकतो ती संख्या), रासायनिक बंध असं सगळं एकदम येतं. संयुजांचा तक्ता ती आत्ताच पाठ करायला लागली आहे आणि तेच मला खटकतंय. क्लास लावू का? बाजारात प्रयोगांच्या पेट्या मिळतात, त्या कामाच्या असतात का? दोन-अडीच हजारांपर्यंत खर्च करू शकते, रोज अर्धा तास बसूही शकते. सांगलीत राहतो.

फळाखडू

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. एकतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात विज्ञान शिकवलं. हेच उत्तर मी दर वर्षी ऐकलं, हुशार मुलांकडूनही. त्यामुळे मुलीला रागावू नका.

उकळायला लागण्याआधी जे बारीक बुडबुडे भांड्याला चिकटलेले दिसतात, ती पाण्यात विरघळलेली हवा. खळखळून उकळताना येतात ते मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. म्हणजे पाण्याचेच रेणू, फक्त एकमेकांपासून दूर गेलेले. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती जवळपास १७०० पट जागा घेते. रेणू मात्र जसाच्या तसा असतो, दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, धरून बसलेले.

सगळं इथे सुरू होतं. पुस्तकातला कुठलाही बदल समोर आला की मुलीने स्वतःला एकच विचारायचं: कण तेच राहिले, की नवे तयार झाले? बर्फ वितळला, कापूर उडाला, कपडे वाळले, कण तेच. खिळा गंजला, दुधाचं दही झालं, कागद जळला, कण नवे. हा प्रश्न अंगवळणी पडेपर्यंत संयुजांचा तक्ता कपाटात ठेवा.

पहिल्या आठवड्यासाठी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणा. आत हवा घेऊन तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. मग पाणी भरून तसंच करा. हवा दबते, पाणी जवळजवळ दबतच नाही. "का?" एवढंच विचारा आणि तिला कणांचं चित्र काढू द्या. चित्र चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. दुसऱ्या दिवशी तीच दुरुस्त करते, हा अनुभव आहे.

लोटेकर

सरांशी सहमत. मी रासायनिक कारखान्यात काम करतो. आमच्याकडे नवी पोरं येतात, समीकरण संतुलित करतात झटक्यात, पण टाकीत प्रत्यक्ष काय चाललंय हे डोळ्यापुढे येत नाही.

पाणी खरंच "फोडायचं" कसं तेही तिला दाखवा, म्हणजे उकळण्यातला फरक ठसेल. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. दोन पेन्सिली दोन्ही टोकांनी तासा. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा, पेन्सिलींची खालची टोकं पाण्यात बुडवा आणि वरच्या टोकांना बॅटरीच्या वायरी लावा. दोन्ही टोकांशी बुडबुडे येतात. ऋण टोकाशी जास्त, तो हायड्रोजन. धन टोकाशी ऑक्सिजन. (शिसपेन्सिल म्हणतो आपण, पण तिच्यात शिसं नसतं. ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन. मूलद्रव्यांची ओळख इथूनच होऊन जाते.)

सोड्याऐवजी मीठ घालू नका. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन सुटतो. आणि घरात प्रयोग सुरू झालेच आहेत तर आजच एक नियम घालून द्या: संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातूनही क्लोरीनच निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

वैनगंगा

पेटीबद्दल माझा अनुभव सांगते. मुलाला अठराशे रुपयांची घेतली होती. आत प्लास्टिकच्या परीक्षानळ्या, चार रंगांची भुकटी आणि "ज्वालामुखी". भुकट्यांच्या डब्यांवर पदार्थांची नावंच नव्हती, फक्त ए, बी, सी. दोन दिवस मजा आली, नंतर पेटी माळ्यावर. ज्या डब्यावर पदार्थाचं नाव नाही तो मुलाच्या हातात देऊ नये असं माझं ठाम मत झालंय.

त्यापेक्षा रेणूंसाठी भिजवलेले हरभरे, वाटाणे आणि दातकोरण्या घ्या. हायड्रोजनला एक काडी, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. पाणी, अमोनिया, मिथेन, कार्बन डायऑक्साइड मुलाने एका संध्याकाळी बनवले. कार्बन डायऑक्साइडला दोन-दोन काड्या लागतात हे त्याचं त्यालाच उमगलं. संयुजा पाठ करावी लागली नाही.

आणि वरण सांडलेला पांढरा शर्ट फेकू नका! साबण लावला की डाग लाल होतो, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. हळद हा घरातला दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंगावरून सांगणारा पदार्थ.

कृष्णाकाठ

वैनगंगाताई, हरभरे भिजत घातले. फळाखडू सर, काड्यांचा हिशेब मिठाला कसा लावायचा? सोडियमची संयुजा १, क्लोरीनची १, म्हणजे एक हरभरा, एक वाटाणा आणि मध्ये काडी, बरोबर ना?

फळाखडू

इथेच थांबा ताई. काडी मिठाला लावू नका. वैनगंगाताईंची युक्ती उत्तम आहे, पण ती सहसंयुज बंधासाठी, जिथे दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. मिठात सोडियमने आपला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो (कवचांमधल्या २, ८, १ इलेक्ट्रॉनपैकी शेवटचा) आणि क्लोरीनकडे तो आलेला असतो (२, ८, ७ चे २, ८, ८ होतात). आता एक धनप्रभारित, एक ऋणप्रभारित (अशा प्रभारित अणूंना आयन म्हणतात), म्हणून ओढ. पण ही ओढ काही एकाच जोडीदारापुरती नसते. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. "मिठाचा एक रेणू" असं काही वेगळं काढून दाखवता येत नाही. सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक.

ताटात हरभरे आणि वाटाणे बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून मांडा, काड्यांशिवाय. वर दुसरा थर, हरभऱ्यावर वाटाणा. झालं मीठ.

आणखी एक. "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायची हौस असते" अशी गोष्ट सर्रास सांगतात. मीही सुरुवातीची काही वर्षं सांगितली, त्याचं वाईट वाटतं. सोडियमपासून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा खर्चावीच लागते. फायदा होतो तो नंतर, विरुद्ध प्रभार जवळ येऊन रचना जमते तेव्हा. आठवीच्या मुलीला एवढं खोलात नको, पण हौस-बिस शिकवू नका. पुढे अकरावीत ते पुसून काढणं जड जातं.

गच्चीवरून

मोफत आणि मराठीत हवं असेल तर दोन ठिकाणं. एक, बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. सेमीच्या मुलीला मराठी माध्यमाचं विज्ञान शेजारी ठेवून द्या. तोच पाठ दोन्ही भाषांत वाचला की "सब्लिमेशन" म्हणजे संप्लवन, "व्हॅलन्सी" म्हणजे संयुजा, "न्यूट्रलायझेशन" म्हणजे उदासिनीकरण हे जुळत जातं. आमच्या लेकीला "कोव्हॅलंट" कळेना, "सहसंयुज" म्हटल्यावर कळला. शब्दच अर्थ सांगतो.

दोन, कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट नावाचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला प्रकल्प, बरेचसे मराठीतही आहेत. त्यातलं द्रव्याच्या अवस्थांचं आणि अणू बांधायचं, ही दोन पुरेत. पण सरांची सिरिंज आधी, पडदा नंतर.

क्लास आठवीला नको. तो अर्धा तास तुम्हीच बसा.

लोटेकर

अभिक्रियांसाठी माझ्याकडून एक. शीतपेयाची एक लिटरची प्लास्टिकची बाटली, त्यात पाऊण वाटी व्हिनेगर. ४ ग्रॅम खाण्याचा सोडा पातळ कागदाच्या पुडीत बांधा. बाटली, बूच आणि पुडी एकत्र वजन करा. पुडी आत टाकून बूच लगेच घट्ट लावा. फसफस संपली की पुन्हा वजन, तेवढंच भरतं. मग बूच हळूच सैल करा, फुस्स, आणि परत तोला. एक-दीड ग्रॅम गेलेला दिसेल. लव्हॉझिए या शास्त्रज्ञाचा वस्तुमान अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही) स्वयंपाकघरातल्या काट्यावर. सोडा ४ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि काचेची बाटली मुळीच नको.

बऱ्याच ठिकाणी बाटलीला फुगा लावायला सांगतात. वजनासाठी तो नको. लिटरभर फुगलेला फुगा लिटरभर हवा बाजूला सारतो, म्हणून काटा सव्वा ग्रॅमच्या आसपास कमी दाखवतो. मुलं म्हणतात नियम चुकला, आणि मोठ्यांना उत्तर देता येत नाही.

वैनगंगा

कुणाच्या गावात अजून कल्हईवाला येत असेल तर मुलांना तासभर तिथे बसवा. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला वितळायला १०८५ लागतात, म्हणून भांडं शाबूत राहतं आणि कथील पसरतं. नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकला की पांढरा धूर उठतो, पृष्ठभागावरचं ऑक्साइड निघून जातं आणि कथील धरतं. अवस्था, धातू, अभिक्रिया, सगळं एका भात्यापाशी. आमच्या आजोळी दर उन्हाळ्यात यायचा. आता मुलाला दाखवायला शोधते आहे.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सिरिंज, बॅटरी, हरभरे, बाटली सगळं झालं. बाटलीतून "फुस्स" झाल्यावर तिने स्वतःहून वहीत कार्बन डायऑक्साइडचे रेणू काढले. तक्ता अजून कपाटात आहे.

काल मात्र तिने मला अडवलं. "आई, मिठात सोडियम आणि क्लोरीनमध्ये बंध असतो. पाण्यात टाकलं की ते सुटे होतात. म्हणजे बंध तुटला. मग पुस्तकात विरघळणं हा भौतिक बदल का म्हटलाय?" सर, काय सांगू?

फळाखडू

ताई, वाचून मन भरून आलं. तिला सांगा की तिची शंका खरी आहे, मोठे रसायनशास्त्रज्ञही इथली रेघ ठळक मानत नाहीत. आयनांमधली ओढ सुटते, पाण्याचे रेणू त्यांना वेढतात, हे तिने बरोबर ओळखलं. पण आपला जुना प्रश्न विचारा: कण नवे झाले का? आयन खड्यातही आयनच होते, पाण्यातही तेच. म्हणून पुस्तक भौतिक म्हणतं. साखरेचं वेगळं. तिचे रेणू अखंडच राहतात, फक्त विखुरतात.

फरक तिला डोळ्यांनी बघू दे. तीच ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक. वायरीची टोकं साखरेच्या पाण्यात बुडवली तर दिवा लागत नाही, मिठाच्या पाण्यात लागतो. क्षणभरच बुडवायची, क्लोरीनचं वर आलंच आहे. मग मिठाचं ताजं, दाट पाणी बशीत घालून उन्हात ठेवा आणि वाळल्यावर भिंगातून बघा. खडे चौकोनी दिसतील. ताटातली हरभऱ्या-वाटाण्यांची मांडणी तिला आठवेल.

कृष्णाकाठ

बशी गच्चीवर ठेवली आहे, वर जाळी झाकून. आज ढग आहेत. शाळेतून आल्यापासून तीनदा वर जाऊन आली.