फायबर जोडणी येण्यापूर्वी नवा राउटर घ्यावा का? (माळवदाचे जुने घर)

प्रश्न : लातूर

नमस्कार. आमच्याकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड आहे आणि लवकरच गल्लीतील केबलचालक फायबरची जोडणी देणार आहेत. योजना १५० एमबीपीएसची आहे. घराचा पुढचा भाग दगड-मातीच्या जाड भिंतींचा व माळवदाचा असून मागे स्लॅबच्या दोन खोल्या आहेत. त्यांपैकी एका खोलीत मुलगी नीटची तयारी करते आणि तिथे रेंज जेमतेम पोहोचते. दुकानदारांनी ‘एसी १२००’ असे लिहिलेला चार अँटेनांचा राउटर दाखवला आणि १२०० एमबीपीएसपर्यंत वेग मिळेल असे सांगितले. तो आताच घेऊन ठेवावा का, की जुन्याच राउटरवर काम भागेल, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : छत्रपती संभाजीनगर

माझे स्पष्ट मत असे की जोडणी सुरू होईपर्यंत काहीही विकत घेऊ नये. फायबरमधून प्रकाश येतो आणि त्याचे रूपांतर करणारा ओएनटी नावाचा बॉक्स केबलचालकच बसवतात. आपल्या जुन्या राउटरमध्ये टेलिफोनची पिन बसते, त्यामुळे तो या बॉक्सला बहुधा जोडता येणार नाही. ओएनटीमध्ये वायफाय आहे का आणि तो ब्रिज मोडवर (म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता इंटरनेट फक्त पुढे पाठवणारा) करून मिळेल का, हे दोन प्रश्न केबलचालकांना आधी विचारावेत. ब्रिज न करता मागे दुसरा राउटर लावला, तर दोन्ही उपकरणे आपापले पत्ते वाटू लागतात. नेहमीचे काम चालते, परंतु घरचा कॅमेरा बाहेरून पाहण्यासारख्या गोष्टी अडू शकतात.

एसी १२०० हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची कागदावरची बेरीज आहे; तो वेग कोणत्याही एका मोबाइलला मिळत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या गटातील अनेक स्वस्त राउटरांचे मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात आणि अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९५ एमबीपीएसच्या आसपासच वेग मिळतो, म्हणजे आपण पैसे १५० चे भराल आणि एक तृतीयांशाहून अधिक वेग दारातच अडेल. खोक्यावर वॅन (बाहेरून इंटरनेट येणारा) आणि लॅन (घरातील उपकरणांना जोडणारा) या दोन्ही पोर्टांपुढे ‘गिगाबिट’ (म्हणजे १००० एमबीपीएस) हा शब्द असल्याशिवाय राउटर घेऊ नये. अँटेना किती आहेत, याला फारसे महत्त्व देऊ नये.

मुलीच्या खोलीचा प्रश्न मात्र महागड्या राउटरनेही सुटणार नाही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी दगडी भिंतीत फार लवकर क्षीण होतात आणि वायफाय ६ या नव्या पिढीचा राउटर घेतला तरी भिंत तीच राहते. बिनतारी मेशचा (एकमेकांना वायफायनेच जोडलेल्या राउटरांच्या संचाचा) दुसरा नगही त्याच भिंतीतून सिग्नल घेणार, म्हणून माझा त्यावर भरवसा नाही. कॅट ६ ही नेटवर्कची तांब्याची वायर माळवदावरून मागे न्यावी आणि त्या खोलीत दुसरे उपकरण ॲक्सेस पॉइंट (वायरने आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारे उपकरण) म्हणून लावावे. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते.

उत्तर : बीड

वरील सल्ला योग्य आहे, परंतु वायर माळवदावरून नेण्यास माझा विरोध आहे. उघड्यावरच्या तांब्याच्या तारेत वीज कडाडताना दाब येऊन दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात, आणि आपल्याकडे वळवाच्या पावसात हा धोका खरा असतो. त्यापेक्षा केबलचालकांना सांगून फायबरच मधल्या दारापर्यंत आणावी आणि बॉक्स तिथे बसवावा. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. केबलमध्ये आधाराची पोलादी तार असेल तर ती घराबाहेरच तोडून घ्यावी आणि फायबरला कोपऱ्यावर तीव्र घडी पडू देऊ नये. लाईट गेल्यावर मुलीचा ऑनलाइन तास बंद पडू नये म्हणून लहान डीसी यूपीएस (राउटरसारख्या उपकरणांना चालू ठेवणारा बॅटरीचा संच) घ्यावा, मात्र त्याचे व्होल्ट आणि अँपिअर उपकरणांच्या ॲडॉप्टरवरील आकड्यांशी जुळवून पाहावेत.

प्रश्नकर्ते : लातूर

आपणा दोघांचे आभार. केबलचालकांकडे चौकशी केली. बॉक्समध्ये दोन्ही बँडचे वायफाय व गिगाबिट पोर्ट आहेत आणि तो मधल्या दाराजवळ बसवण्यास ते तयार आहेत. मग वेगळा राउटर घेण्याची गरज उरते का?

उत्तर : नांदेड

कदाचित उरणार नाही. जोडणी झाल्यावर प्रथम लॅपटॉप वायरने बॉक्सला जोडून वेग मोजावा आणि नंतर मुलीच्या खोलीत वायफायवर मोजावा. वायरवरच वेग कमी आला तर दोष बहुधा लाईनचा आहे. तेव्हा केबलचालकांना प्रकाशाची पातळी दाखवण्यास सांगावे. ती डीबीएम या एककात मोजतात आणि उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी; ती उणे २७ च्या जवळ असेल तर जोड पुन्हा करून घ्यावा. उणे २० च्या आसपास असेल तर चिंता नाही. वायरवर वेग पूर्ण असून फक्त खोलीत कमी पडत असेल, तरच ॲक्सेस पॉइंट मोड असलेले एक गिगाबिट उपकरण घ्यावे आणि बॉक्सपासून घराच्या आतून वायर नेऊन ते तिथे लावावे. वायफायचे नाव व पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवले की मोबाइल बहुधा आपोआप जवळच्या उपकरणाकडे वळतो. बॉक्स शोभेसाठी भिंतीतल्या देवळीत मात्र ठेवू नका, कारण तिथे तीन बाजूंनी दगड येतो आणि उन्हाळ्यात बॉक्स तापतोही.