चवड्याचा एक्स-रे: पहिलं मेटाटार्सल एका पद्धतीनं आखूड, दुसरीनं लांब. खरं काय धरायचं?

सुरसागर_काठ (बडोदा)
नमस्कार मंडळी. प्रौढांच्या पायाच्या, उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलची (बोटांच्या मागच्या, तळपायातल्या लांब हाडांची; पहिलं अंगठ्यामागचं) तुलना करतोय. एका पायात मॉर्टनच्या लंबपद्धतीनं पहिलं १ मि.मी. आखूड येतं, हार्डी-क्लॅपहॅमच्या कंसपद्धतीनं तेच १.२ मि.मी. लांब. बाकी पायांतही कंसाचं उत्तर दरवेळी जास्तच. रेघ चुकतेय का? काही पायांत हॅलक्स व्हॅल्गसही (अंगठा बाकीच्या बोटांकडे झुकलेला) आहे.

कर्कटक
रेघ ठीक असावी, हा भूमितीचा खेळ आहे. लंबपद्धतीत दोन्ही डोक्यांची (हाडांच्या बोटांकडच्या गोल टोकांची) टोकं दुसऱ्या मेटाटार्सलच्या अक्षावर उतरवून अंतर घेतो. हार्डी-क्लॅपहॅममध्ये (१९५१) टॅलोनॅविक्युलर (घोट्यापुढच्या, आतल्या बाजूच्या) सांध्याचा आतला कोपरा आणि कॅल्केनिओक्युबॉइडचा (त्याशेजारच्या, बाहेरच्या बाजूच्या सांध्याचा) बाहेरचा कोपरा जोडायचा. ती रेघ अक्षाला छेदते तिथे कर्कटकाचं टोक, तिथून दोन्ही डोक्यांपर्यंत कंस, आणि त्रिज्यांची वजाबाकी.

आता तुमचेच आकडे घ्या. केंद्रापासून दुसऱ्याचं टोक १०८ मि.मी., पहिल्याचं अक्षावर १०७, पण २२ मि.मी. आतल्या बाजूला. लंबानं उणे १. त्रिज्या मात्र १०७ आणि २२ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे १०९.२. झालं अधिक १.२. पहिलं हाड बाजूला असेपर्यंत कंस जास्तच दाखवणार.

हॅलक्स व्हॅल्गसमध्ये हे महागात पडतं. ६३ मि.मी.चं पहिलं हाड दुसऱ्यापासून ९ अंशांऐवजी १६ अंशांवर गेलं, की लंबपद्धतीत ते सुमारे १.७ मि.मी. 'आखूड' होतं. हाड तेच! कंसात हा फरक पाव मि.मी.सुद्धा येत नाही. असे पाय असतील तर कंसच मुख्य धरा.

आणि अक्ष डोळ्यानं काढू नका. खोडाच्या दोन ठिकाणी रुंदीचे मध्यबिंदू घ्या, ते जोडा. अक्ष २ अंशांनी हलला तरी लंबाचं उत्तर पाऊण मि.मी.नं सरकतं.

जाता जाता: हे मॉर्टन म्हणजे डडली मॉर्टन. न्यूरोमावाले (चवड्यातल्या नसेच्या दुखण्याचे) थॉमस मॉर्टन वेगळे, १८७६ चे. लेखनात हा घोळ फार दिसतो.

डार्करूम
एक्स-रे कसा काढलाय तेही लिहा. ट्यूब १०० सें.मी.वर आणि टाचेकडे १५ अंश कललेली हवी, कारण मेटाटार्सल जमिनीला समांतर नसतात, पुढे उतरत येतात. कोन सगळ्यांना एकच नसेल तर तुलना सोडून द्या. उंच कमानीच्या पायात उतार जास्त, तिथे हाड फिल्मवर आखूडच दिसतं. वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे सरळ. नवरात्रात अनवाणी गरबा खेळून चवडा दुखत असेल तर माणूस नकळत बाहेरच्या कडेवर उभा राहतो. त्या आठवड्यातल्या फिल्म तपासून घ्या.

मॅग्निफिकेशनची मात्र उगाच धास्ती नको. २ टक्के वाढीनं २ मि.मी.चा फरक ०.०४ नं बदलेल. खरा धोका व्हॉट्सअॅपवरून आलेल्या जेपीजीचा. त्यात पिक्सेलचं माप उरत नाही, मग मि.मी. आणणार कुठून? मूळ डायकॉम (एक्स-रे यंत्रातून निघणारी, माप सोबत ठेवणारी) फाईलच मागा.

शवविच्छेदन_टेबल
'लांबी' हा शब्दच गोंधळ करतो. सुटी हाडं सरकत्या कॅलिपरनं मोजली तर पहिलं साधारणपणे सगळ्यांत आखूड, दुसरं सगळ्यांत लांब. पण दुसऱ्याचा बुंधा दोन क्युनिफॉर्मच्या (पायाच्या मधल्या भागातल्या पाचरीसारख्या हाडांच्या) मधल्या खाचेत मागे बसलेला असतो, म्हणून पुढची डोकी जवळजवळ बरोबरीला येतात. तुम्ही मोजताय ते डोकं किती पुढे आलंय ते. 'मेटाटार्सल प्रोट्रूजन' लिहा. सुट्या हाडांवर पाचव्याच्या बाहेरचा उंचवटा लांबीत धरू नका.

बोटं बघून अंदाज तर नकोच. अंगठ्याशेजारचं बोट लांब म्हणजे बाई वरचढ, असं आजीबाई सांगतात. पण त्या लांबीत बोटांच्या पेरांचाही वाटा असतो.

सुरसागर_काठ
आभार. तिसऱ्या ते पाचव्यासाठी काय वापरू? आणि माझीच चूक किती, हे कसं दाखवू?

कर्कटक
माएस्त्रोंची पद्धत (२००३). बाहेरच्या सेसमॉइडच्या (पहिल्याच्या डोक्याखालच्या दोन छोट्या हाडांपैकी एकाच्या) केंद्रातून दुसऱ्याच्या अक्षाला लंब टाका, तो चौथ्याच्या डोक्याच्या मध्यातून जायला हवा. डोक्यांतला फरक दुसरं ते तिसरं ३, तिसरं ते चौथं ६, चौथं ते पाचवं १२ मि.मी., हा त्यांचा आदर्श. त्यात न बसणारा पाय लगेच रोगी ठरवू नका.

चुकीसाठी त्याच फिल्म दोन आठवड्यांनी, आधीचे आकडे झाकून परत मोजा. दोन मापांतल्या फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, भागिले फिल्मच्या संख्येची दुप्पट, त्याचं वर्गमूळ: डालबर्गचं सूत्र. हे अर्ध्या मि.मी.च्या आसपास आलं, तर अधिक-उणे १ च्या आतले पाय 'समान' गटात टाका.

सुरसागर_काठ
म्हणजे कंस मुख्य, लंब शेजारच्या रकान्यात. व्हॉट्सअॅपवरच्या १४ फिल्म बाद केल्या. त्यांच्या मूळ फाईली मागवतो.