मदत हवी आहे: एक्स्टर्नल डिस्कवर लिनक्स टाकलं, आता डिस्क काढली की विंडोजही सुरू होत नाही

लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर विंडोज ११ आहे, तिला हात लावायचा नाही. यूएसबी ३.० ची १ टीबी एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडून उबुंटू जातीचं लिनक्स टाकलं. इन्स्टॉलर युबिक्विटी, 'समथिंग एल्स' निवडून अख्ख्या डिस्कचं एकच एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) पार्टिशन केलं आणि बूटलोडरसाठी (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, इथे ग्रब) एक्स्टर्नल डिस्कच निवडली होती.
१. डिस्क जोडलेली नसेल तर काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब>' येतं.
२. तीच डिस्क दुसऱ्या लॅपटॉपवर बूट होत नाही.
३. चालते तेव्हा फार रखडते, मध्येच गोठतेही.

टर्मिनलपंत
विंडोज शाबूत आहे, घाबरू नका. बूट मेनूत (एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीनुसार) 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. बूटच्या मांडणीत बदल झाला की ती मागितली जाऊ शकते.

युबिक्विटीचा हा जुना दोष आहे. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं बूट फर्मवेअर) असताना बूटलोडरसाठी तुम्ही कोणतीही डिस्क निवडा, तो आतल्या डिस्कचंच ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायची छोटी जागा) धरतो. तिथली ग्रबची छोटी फाईल तुमच्या एक्स्ट४ पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा ओळख क्रमांक) शोधते, सापडला नाही की 'ग्रब>' वर थांबते. आणि एक्स्टर्नल डिस्कवर ईएफआय पार्टिशनच नाही, मग दुसरा लॅपटॉप बूट करणार कशावरून?

पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. डिस्क जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) आहे असं धरतो. बॅकअप घ्या आणि लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन उघडा. एक्स्ट४ *शेवटाकडून* ५१२ एमबीने लहान करा. सुरुवातीकडून केलंत तर सगळा डेटा सरकवत बसेल, आणि ईएफआय पार्टिशन पहिलंच असावं असा काही नियम नाही. मोकळ्या जागेत फॅट३२ पार्टिशन करून त्याला 'बूट' आणि 'ईएसपी' हे फ्लॅग लावा.

आता नेहमीसारखं एक्स्टर्नलवरच्या लिनक्समध्ये या. 'बीएलकेआयडी' कमांडने नव्या पार्टिशनचा यूयूआयडी बघा आणि 'एफएसटॅब'मध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची त्याची फाईल) 'बूट/ईएफआय'च्या ओळीत जुन्याच्या जागी घाला. जुनं अनमाउंट, नवं माउंट. मग सुडोने 'ग्रब-इन्स्टॉल' चालवा, तीन पर्यायांसह: टार्गेट एक्स८६_६४-ईएफआय, ईएफआय-डिरेक्टरी म्हणून 'बूट/ईएफआय', आणि 'रिमूव्हेबल'. (टंकताना अर्थातच रोमनमध्ये.) खरी मेख शेवटच्या पर्यायात आहे. त्याने बूटलोडर 'ईएफआय/बूट' फोल्डरमध्ये 'बूटएक्स६४' नावाने जातो आणि अनोळखी संगणकही यूएसबी डिस्कवर तिथेच बघतो. त्यानंतर 'अपडेट-ग्रब'.

बूट मेनूतून यूएसबी डिस्क निवडून ती स्वतःच्या बळावर सुरू होते का, हे आधी बघा. झाली तरच 'ईएफआयबूटएमजीआर' कमांडने फर्मवेअरमधली जुनी बूट नोंद काढा आणि आतल्या ईएफआय पार्टिशनमधलं 'उबुंटू' फोल्डर उडवा. शेजारच्या 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' फोल्डरांच्या वाटेला जाऊ नका.

फिरती_तबकडी
पहिल्या दोन मुद्द्यांबाबत वरच्याला +१. तिसऱ्याबद्दल:

'एलएसयूएसबी' कमांडला 'टी' पर्याय देऊन बघा. डिस्कपुढे ५००० एम हवं. ४८० एम दिसलं तर ती यूएसबी २.० वेगाने चालते आहे. पोर्ट किंवा केबल बदला. गोठतं त्या वेळी 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदी) 'यूएएस' (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलायची पद्धत) आणि 'रीसेट' एकत्र दिसले, तर डिस्कच्या डबीतल्या चिपचं यूएएसशी जमत नाही असं समजा. कर्नलच्या बूट ओळीत 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स' लिहून चिपचा आयडी आणि त्यापुढे 'यू' द्या. वेग किंचित उतरतो, गोठणं थांबतं.

बाकी, फिरत्या तबकडीवर ऑपरेटिंग सिस्टीम रखडणारच. ती हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचते आणि दर वेळी डोकं हलवायला काही मिलिसेकंद जातात. 'नोएटाइम' पर्यायाने (फाईल वाचल्याची वेळ न नोंदवणं) फार तर थोडा फरक पडेल. खरा उपाय यूएसबी डबीत साधी साटा एसएसडी.

धागाकर्ता
'बीएलकेआयडी'त पार्टयूयूआयडी पण दिसतोय. कुठला घालू?

टर्मिनलपंत
यूयूआयडी. फॅट३२ चा आखूड असतो, मध्ये एक रेघ असलेली आठ अक्षरं.
आणि ही डिस्क चालू विंडोजला जोडलीत तर 'फॉरमॅट करायची का?' असं विचारू शकतं, कारण एक्स्ट४ त्याला वाचता येत नाही. तिथे कॅन्सल.