मदत हवी आहे: ‘टॉकिंग टिंबक्टू’मधल्या दोन गिटारी वेगळ्या कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा गिटारवादक-गायक अली फार्का तूरे यांचा १९९४ सालचा ‘टॉकिंग टिंबक्टू’ हा अल्बम इथे कुणी बारकाईने ऐकलाय का? गिटार वाजवणाऱ्यांची, त्यातही स्लाइड (तारांवर नळी घसरवून) वाजवणाऱ्यांची, मदत हवी आहे.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अली फार्का हा नायजर नदीकाठच्या निआफुंकेचा, गिटारइतकाच शेतीत रमणारा. कूडर कॅलिफोर्नियाचा, रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या रेकॉर्डवर वाजवलेला. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत तीन दिवसांत काम झालं. ड्रम्सवर जिम केल्टनर, म्हणजे १९७१च्या बांगलादेश कॉन्सर्टमधला. दोघांनी जोडीने केलेला हा एकच अल्बम.

अडचण अशी की कूडर यात साथीला बसल्यासारखा वाजवतो. अल्बमचा निर्माता तोच, नाव मोठं, तरी पुढे पुढे करत नाही. मला हेच फार आवडतं. रॉकवाले आफ्रिकेच्या संगीताकडे वळले की बऱ्याचदा तिथला ताल तेवढा उचलतात आणि त्यावर आपलं गाणं म्हणतात. इथे गाणी अलीची, चाल त्याची, भाषाही त्याच्याच मुलखातल्या: सोंघाय, बांबारा, तामाशेक. पण त्यामुळेच ‘आमांद्राई’सारख्या गाण्यात दोन्ही गिटारी इतक्या एकजीव होतात की कुठली कुणाची ते कळेनासं होतं. सूर आपल्या धानी रागाच्या जवळचे वाटतात, त्यामुळे कान मुख्य धूनच धरून बसतो आणि मागचं काम निसटतं. चांगल्या मैफलीत हार्मोनियमवाला गवयाच्या मागोमाग जातो, तसं काहीतरी कूडर करतोय एवढं जाणवतं. नेमकं काय करतोय? अलीने सोडलेल्या जागा भरतोय, की खाली एकच सूर धरून ठेवतोय?

दुसरा प्रश्न तबलावाल्यांना. हम्मा सांकारे यात कॅलाबाश वाजवतो. तंबोऱ्याला असतो तसला वाळका भोपळा, अर्धा कापून जमिनीवर पालथा घातलेला, त्यावर हाताने आघात. घुमारा खर्जाचा, काठ कोरडा टणत्कार देतो. एक-दोन ठिकाणी तीन-तीनात मोजलं तरी बसतं आणि दोन-दोनात मोजलं तरी बसतं. मग सम कुठे धरायची? की समेची अपेक्षा ठेवणंच चूक आहे?

कूडरने याच्या आधी पं. विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ केला होता. लागोपाठ दोन वर्षं, १९९४ आणि १९९५ला, या दोन अल्बमना ग्रॅमी मिळालं. तिथे भट्टांची मोहनवीणा (गिटारचंच बदललेलं रूप) आणि कूडरची स्लाइड गिटार मला सहज वेगळ्या ऐकू येतात, सवालजवाब स्पष्ट असतो. म्हणून इथे कान कमी पडतोय असं वाटत नाही, मांडणीच वेगळी असावी. दोन्ही अल्बम ऐकलेल्यांनी यावर जरूर लिहा.

आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात हे दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ऐकवायचे आहेत, तेव्हा सगळ्यांना समजेल असं सांगता यायला हवं. फ्रान्समध्ये किंवा पश्चिम आफ्रिकेत राहणारं कुणी इथे असेल आणि ‘टॉकिंग टिंबक्टू’मधल्या ‘दियाराबी’ या गाण्याचे बोल समजावून देऊ शकत असेल तर फारच उत्तम. गिटारवाल्यांनी एकाच गाण्यात ‘अमुक मिनिटाला कूडर येतो, हे ऐक’ एवढं सांगितलं तरी पुढचं मी शोधेन.