मदत हवी आहे: खरी जुनी येझदी घेऊ की जुन्या लूकची नवी गाडी?

मंडळी, जरा सल्ला द्या. रोजचा रूट कासारवडवली ते महापे, म्हणजे घोडबंदर रोडचं ट्रॅफिक आणि पुढे ऐरोली. एक काका त्यांची जुनी येझदी रोडकिंग मोटारसायकल विकतायत, टू-स्ट्रोक २५० सीसी, टाकी ओरिजिनल, क्रोम अजून चकचकीत. गिअरची लिव्हर आत दाबून वर फिरवली की तीच किक होते, हे बघूनच मी अर्धा विकलो गेलो 😅

दुसरीकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० किंवा होंडाची सीबी३५०. दिसायला जुन्या पण आत फ्युएल इंजेक्शन, डिस्क ब्रेक, एबीएस सगळं आहे, बटण दाबलं की चालू. क्लासिक १९५ किलोची आहे, सिग्नलला ढकलताना घाम निघतो, पण ब्रेक तरी लागतात, येझदीला दोन्हीकडे ड्रम ब्रेकच आणि पावसात कापूरबावडीला कोणी मध्ये आलं तर काय करायचं?

भाव मी विचारत नाहीये, तो काकांशी बघतो. मला विचारायचंय की रोज पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑईल मिसळत, इग्निशनचे पॉईंट साफ करत कोणी खरंच ऑफिसला जातं का? आणि आताच्या ई-२० (२०% इथेनॉलवाल्या) पेट्रोलने जुने रबर पाईप, सील खराब होतात ते कोणी बदलून घेतलेत का, कुठले टाकले? १५ वर्षांवरच्या गाडीचं आरसी रिन्युअल आणि ग्रीन टॅक्स ठाणे आरटीओत अलीकडे कोणी केलं असेल तर कागद काय काय लागले तेही सांगा.

आणि ठाणे-कळव्यात येझदीवर हात बसलेला मेकॅनिक असेल तर प्लीज मेसेज करा, "बुलेट घे भावा" एवढंच लिहू नका.